तीन पत्ती

तीन पत्ती : (तीन पानी). बावन्न पत्त्यांच्या जोडाने पैसे लावून खेळावयाचा एक खेळ. इंग्लंडमधील ब्रॅग या खेळाशी त्याचे निकटचे साम्य आहे. महाराष्ट्रात तो विशेषतः दिवाळीच्या दिवसांत खेळला जातो.

प्रारंभी प्रत्येक खेळाडू ठरलेली रक्कम (बूट) मध्यभागी टाकतो; नंतर प्रत्येकास तीन पत्ते पालथे वाटतात. हातांचा उतरता क्रम असा : समान किंमतीचे तीन पत्ते (ट्रेल), एकाच रंगातील क्रमवार पत्ते, मिश्र रंगांतील क्रमवार पत्ते, एकरंगी पत्ते, जोडी व सर्वांत मोठा पत्ता. एकूण २२,१०० संभाव्य हातांपैकी १६,४४० हात, म्हणजे सु. ७४ टक्के, या शेवटच्या प्रकारात मोडतात. त्यामुळे निकाल पुष्कळदा पत्त्यांपेक्षा पैज लावण्यावर ठरतो.

पाळी आली असता पैसे लावणे किंवा पत्ते टाकून डाव सोडणे, एवढेच पर्याय असतात. पत्ते न पाहता खेळणारा (ब्लाइंड) चालू दराइतकी ते त्याच्या दुप्पट रक्कम लावतो. पत्ते पाहिलेल्यास दराच्या दुप्पट ते चौपट लावावी लागते. ब्लाइंडने लावलेली रक्कम हा पुढील दर होतो. पत्ते पाहिलेल्याच्या बाबतीत लावलेल्या रकमेचा निम्मा भाग दर धरतात. उदा., दर १ रुपया असता पत्ते पाहिलेल्याने ४ रुपये लावल्यास दर २ रुपये होतो.

पोकरमध्ये उरलेल्या सर्वांच्या रकमा समान झाल्या की पैजेची फेरी संपते. तीन पत्तीत तसे नाही. दोनच खेळाडू उरेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. त्यानंतर त्यांपैकी एक जण पैसे भरून पत्ते उघडण्याची मागणी (शो) करू शकतो. हात समान ठरल्यास मागणी करणारा हरतो. प्रतिस्पर्धी ब्लाइंड असल्यास मात्र पत्ते पाहिलेल्यास शो मागता येत नाही. त्याने दर पाळीस किमान दुप्पट भरावे किंवा डाव सोडावा. मर्यादा आधी ठरलेली नसल्यास कमी भांडवलाचा खेळाडू चांगले पत्ते असूनही बाहेर पडतो. पोकरमध्ये जवळचे पैसे संपलेला खेळाडू भरलेल्या रकमेपुरता डावात टिकतो. घरगुती तीन पत्तीत अशी सोय सहसा नसते. कर्जबाजारीपणाचा धोका येथेच उद्‌भवतो.

मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविताना तीन पत्त्यांचा खेळ मात्र केवळ दैवाधीन मानला. संगणकीय जालावरील पैशांच्या खेळांवर केंद्र शासनाच्या २०२५ च्या अधिनियमाने बंदी घातली आहे.