स्फोटकाचा वास घेणारे बहुवारिक

युद्ध संपते, सैनिक घरी जातात. जमिनीत पुरलेले सुरुंग मात्र तेथेच राहतात. कित्येक वर्षांनी एखाद्या गुराख्याचा पाय त्यावर पडतो. ते शोधावेत कसे? पुष्कळ सुरुंगांचे कवच प्लॅस्टिकचे असते, तेव्हा धातुशोधक यंत्राचा उपयोग बेताचाच. शिकवलेला कुत्रा वासावरून ते हुडकतो. पण तो दमतो. सुरुंगात बहुधा टीएनटी हे स्फोटक असते. त्याच्या बाष्पाचे नेहमीच्या तापमानाला हवेच्या शंभर कोटी रेणूंत जेमतेम ५ ते १० रेणू मावतात. मातीत पुरल्यावर तर त्याहूनही कमी!

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ टिमथी स्वेगर यांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. जंबुपार दिव्याखाली नोटेवरचा क्रमांक चमकताना तुम्ही पाहिला असेल. हे अनुस्फुरण. किरण शोषून रेणूतील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो व खाली येताना प्रकाश देतो. टीएनटीच्या रेणूवर तीन नायट्रो गट असल्याने तो इलेक्ट्रॉनांचा मोठा भुकेला! शेजारी आला की तो हा वर चढलेला इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि प्रकाश विझतो.

पण एका रेणूने एकच दिवा विझवला, तर तो आपल्याला कळणार कसा? खरी गंमत येथेच आहे. शंभर मडक्यांपैकी एक फुटले, तर एकाच मडक्याचे पाणी जाते. भातखाचराच्या बांधाला खेकड्याने एकच बीळ पाडले, तर सारे खाचर रिकामे होते. स्वेगर यांनी सुटे रेणू न घेता त्यांची लांब साखळी, म्हणजे बहुवारिक घेतले. शोषलेली ऊर्जा या साखळीवरून भटकत राहते. वाटेत कोठेही टीएनटीचा एक रेणू भेटला, की तिचा प्रकाश होतच नाही. हे तत्त्व १९९५ मध्ये पुढे आले. मात्र पातळ थरात साखळ्या एकमेकींना चिकटल्या, की त्यांचा प्रकाश आपोआपच मंदावतो. म्हणून १९९८ च्या बहुवारिकात साखळीला आडदांड, ताठ गट जोडले. साखळ्या दूर राहिल्या, शिवाय टीएनटीला आत शिरायला फटी मिळाल्या.

काचेच्या बारीक नळीला आतून हा थर देऊन त्यातून हवा ओढणारे, हाती धरण्याजोगे उपकरण पुढे तयार झाले. त्याचे नाव ‘फिडो’. तिकडे हे कुत्र्याचे नाव! आरडीएक्सचे बाष्प मात्र टीएनटीपेक्षा कितीतरी कमी. तेथे नुसती हवा हुंगून भागत नाही. संशयित वस्तू पुसून घेऊन ते फडके तापवावे लागते.