पाटीच्या दगडावर पोसलेलं खोरं

वेल्सच्या वायव्येला, ओगवेन नदीच्या खोऱ्यात बेथेस्डा हे गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरची जुनी मद्यगृहं सगळी एकाच बाजूला दिसतात. समोरची बाजू पेनरिन घराण्याच्या जमीनदारीची होती आणि तिथं मद्यविक्रीला परवानगी नव्हती. डोंगरातली खाण याच घराण्याची, समुद्रकाठचं बंदरही त्याचंच. गाव मात्र जमीनदारीबाहेरच्या तुकड्यावर वाढलं आणि १८२० साली बांधलेल्या प्रार्थनामंदिराचं नाव त्यानं घेतलं.

जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर श्रीमंत झालेल्या, याच घराण्यातल्या रिचर्ड पेनंटनं अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या विखुरलेल्या खाणी एकत्र केल्या. १८०१ मध्ये बंदरापर्यंत घोड्यांची रूळगाडी आली. शतकभरानंतर पाटीच्या दगडाची ही जगातली सर्वांत मोठी खाण होती आणि तिथं जवळपास तीन हजार माणसं राबत होती.

या खाणीची मजुरी ठरवण्याची रीत विलक्षण होती. तीन-चार जणांच्या टोळीला कड्याचा काही यार्ड रुंदीचा पट्टा महिन्याच्या ठेक्यानं मिळे. दोघं मांडीला साखळी गुंडाळून कड्यावर लटकत, सुरुंग भरत. बाकीचे खाली रुंद छिन्नी आणि लाकडी हातोड्यानं दगडाचे पातळ पापुद्रे काढून छपराची कौलं घडवत. या कौलांच्या मापांना ‘डचेस’, ‘काउंटेस’ अशी नावं होती! दगड चांगला लागला तर मुकादम दर उतरवी, वाईट लागला तर चढवी. कसबी माणसाला या घासाघिशीत स्वतःचा मालक असल्याचा अभिमान वाटे. पण मुकादमाची मर्जी फिरली की चुलीला झळ बसे.

जेवणाच्या सुट्टीत ही माणसं ‘काबान’मध्ये जमत. नावाला ती डबा खायची खोपटी. प्रत्यक्षात तिथं अध्यक्ष निवडला जाई, राजकारणावर आणि धर्मावर वाद रंगत, कविता म्हटल्या जात, गायनाच्या चढाओढी होत. दगडाच्या धुळीत बसून चालवलेल्या या शाळेइतकी सुंदर गोष्ट औद्योगिक इतिहासात क्वचितच सापडेल. १८८४ साली बँगोरमध्ये विद्यापीठ महाविद्यालय उघडलं, तेव्हा खाणकामगारांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून त्याला वर्गणी दिली होती.

अशा माणसांना संघटना हवीच होती. मालक लॉर्ड पेनरिनला ती मान्य नव्हती. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले ते तीन वर्षं. १९०१ मध्ये काही जण कामावर परतले, तेव्हा घराघरांच्या खिडक्यांत ‘या घरात गद्दार नाही’ अशा पाट्या लागल्या. कुटुंबं दुभंगली, अनेक जण दक्षिणेकडच्या कोळसाखाणींत गेले. गावची गायकपथकं देशभर फिरून मदत गोळा करत होती. १९०३ च्या नोव्हेंबरात उपासमारीपुढे संप मोडला. त्यानंतर उतरती कळा लागलेला हा धंदा पुन्हा पूर्वीसारखा वर आला नाही.

एका टन कौलांमागे टाकाऊ दगडाचे अनेक टन निघत. त्याचे करडे-जांभळे ढीग अजून उतारांवर आहेत. खाणही चालू आहे, पण कामगार मूठभर. २०१३ पासून तिच्याच खड्ड्यावरून पर्यटक तारेला लटकून वेगानं घसरत जातात. २०२१ मध्ये युनेस्कोनं या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. खोऱ्यातला रोजगार आता दगडापेक्षा या पाहुण्यांवर अधिक अवलंबून आहे आणि तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला त्या संपाची हकीकत सांगायलाच हवी.