अंग बाहेर आले म्हणून पिशवी काढायचीच का?

'अंग बाहेर येते' ही तक्रार आमच्या वाशिमकडच्या बायका वर्षानुवर्षे लपवतात. दवाखान्यात येतात त्याही कंबरदुखीचे निमित्त करून. तपासणीत खरा प्रकार कळला, की सोबतची सासू लगेच म्हणते, "डॉक्टरसाहेब, पिशवी काढूनच टाका." बाई असते सव्वीस-सत्तावीस वर्षांची!

वास्तविक दोष पिशवीचा नसतो. तिला धरून ठेवणारे बंध बाळंतपणात ताणले जातात. त्यात सव्वा महिना होण्याआधीच निंदणाला जाणे, डोक्यावरची ओझी, जुना खोकला आणि मलावरोध यांची भर पडते. सुरुवातीला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा आत बसवायचे कडे, म्हणजे पेसरी, एवढ्यावरही भागते. त्याने न भागल्यास पिशवी ठेवून आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. मी स्वतः सर्जन नाही; पण रुग्ण पाठवताना यातला फरक मला सांगावा लागतो.

दोन पद्धती तर आपल्या मुंबईच्याच. पुरंदरे पद्धतीत गर्भाशयाचे मुख पट्टीने पुढे पोटाच्या भिंतीला टांगतात. करायला सोपी, पण मागची जागा मोकळी राहून तेथे पुढे आतडे उतरू शकते. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९-१९७१) यांनी पट्टी मागे कमरेच्या हाडाला बांधली. पिशवीची दिशा नैसर्गिक राहते. मात्र जवळच मूत्रनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने हात सराईतच हवा. आता ही कामे दुर्बिणीतूनही होतात. छिद्रे लहान, दुखणे कमी, घरी लवकर. तरी जोखीम आतल्या कामाचीच असते, छिद्रे लहान म्हणून ती संपत नाही.

तिसरा मार्ग खालून, पोटावर छिद्र न पाडता, कटीच्या आतील घट्ट बंधाला पिशवी टाचण्याचा. नंतर काही दिवस नितंबात दुखते. हॉलंडमधील अभ्यासात (२०१९) पाच वर्षांनंतरही ही पद्धत पिशवी काढण्याच्या तुलनेत कमी पडली नाही. परंतु पुढे गर्भधारणा झाल्यास काय होते, याचा अनुभव कमी आहे. जुन्या मँचेस्टर पद्धतीत गर्भाशयाचे मुखच कापून आखूड करतात; मूल हवे असणारीने ती शक्यतो टाळावी.

पाळी गेल्यावर रक्त जात असेल किंवा मुखावर संशयास्पद जखम असेल, तर पिशवी ठेवण्याचा हट्ट धरू नये. एरवी जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारावे: पट्टी कुठे बांधणार, अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढचे बाळंतपण कसे करायचे?