सुजलेल्या मेंदूचं दार

हापूसचा हंगाम आला की रत्नागिरीच्या बागांत आंबे उतरवायचे झेले निघतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘नूतन झेला’ जमिनीवरून देठासकट आंबा उतरवतो. तरीही उंच शेंड्यासाठी आणि नारळासाठी माणूस झाडावर चढतोच, आणि कधीतरी पडतो.

डोकं आपटलं की खरी कसोटी पुढच्या तासांत आणि दिवसांत लागते. मेंदू सुजू लागतो. पायाची सूज बाहेर फुगते. कवटीत मात्र सुजेला जागाच नाही. आतला दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं, आणि पडल्यावर बोलत असलेला माणूसही बेशुद्ध होऊ शकतो. मॅनिटॉल हे औषध देऊन मेंदूतलं पाणी ओढून घ्यायचं, नाहीतर कवटीचा तुकडा काढून जागा करून द्यायची, हे डॉक्टरांचे जुने उपाय आजही कामी येतात.

पण हे पाणी शिरतं कुठून?

पेशींच्या आवरणात पाण्याची ये-जा होण्यासाठी प्रथिनांची दारं असतात. ती शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 साली नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य दार म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-4. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री मॅन्ली, अ‍ॅलन व्हर्कमन आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुकच काढून टाकलेले उंदीर अभ्यासले. 2000 साली दिसलं, की पक्षाघातानंतर या उंदरांचा मेंदू कमी सुजतो. आशा वाढली. 2004 साली त्याच गटाला उलट चित्र दिसलं: रक्तवाहिन्या झिरपून पेशींबाहेर पाणी साचलं, तेव्हा या उंदरांची सूज अधिक वाढली. पाणी आत घेणारं दारच ते बाहेरही काढत होतं!

डोक्याच्या माराची परीक्षा याहून अवघड, कारण त्यात पेशींच्या आतली आणि बाहेरची अशी दोन्ही प्रकारची सूज येते. प्रयोगात उंदराला भूल देतात, कवटीला लहानशी खिडकी पाडतात आणि ठरावीक वेगाने, ठरावीक खोलीपर्यंत एक दांडा मेंदूवर आदळवतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात दार नसलेल्या उंदरांची सूज थोडी कमी भरली. मात्र जेफ्री इलिफ आणि मायकेन नेडरगार्ड यांच्या चमूला 2014 साली आढळलं होतं, की अशाच उंदरांच्या मेंदूत मारानंतर टाऊ हे साचलं की घातक ठरणारं प्रथिन जास्त जमतं. कचरा वाहून नेण्यालाही तेच दार लागत असावं. म्हणजे दार कायमचं बंद करणारं औषध धोक्याचं ठरू शकेल.

शिवाय उंदरात दिसलेला गुण माणसात दिसेलच असं नाही. डोक्याच्या मारावर प्राण्यांमध्ये गुण दाखवलेलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक 2014 साली दोन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरलं. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि गुळगुळीत, माणसाचा सव्वा किलोच्या वर आणि घड्याघड्यांचा. म्हणून आता डुकरं आणि फेरेट या घडीदार मेंदूच्या प्राण्यांवरही माराचे प्रयोग होतात.