विश्लेषण : वृषणातल्या ‘मागे राहिलेल्या’ पेशी कर्करोगाची आगाऊ खूण कशा ठरतात?

मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या दोन पुरुषांच्या वृषणाचा छोटा तुकडा डेन्मार्कचे डॉक्टर निल्स स्काकेबेक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात काही विचित्र जननपेशी दिसल्या. गाठ नव्हती. पुढे मात्र दोघांनाही वृषणाचा कर्करोग झाला. १९७२ मध्ये स्काकेबेक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडले : या पेशी म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था असावी.

या पेशी वेगळ्या कशा?

गर्भातच बाळाच्या वृषणात आदिम जननपेशी येऊन स्थिरावतात. जन्मानंतर लवकरच त्या पुढच्या टप्प्यात जातात आणि वयात आल्यावर त्यांच्यापासून शुक्राणू बनू लागतात. काही पेशी मात्र गर्भातल्या अवस्थेतच अडकतात. शुक्रनलिकेच्या आतल्या कडेला बसलेल्या या पेशी आकाराने मोठ्या आणि फिकट दिसतात. निरोगी प्रौढ वृषणात न सापडणारे ‘ओसीटी-४’ हे प्रथिन त्यांच्यात असते. त्यावरूनच पॅथॉलॉजिस्ट त्या ओळखतात.

आधी याला ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणत. पण कार्सिनोमा अस्तराच्या पेशींचा असतो, जननपेशींचा नव्हे. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘जर्म सेल निओप्लेशिया इन सिटू’ हे नाव आले. म्हणजे नाव बदलायलाच ४४ वर्षे लागली!

धोका कोणाला?

या पेशी आढळलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षांत कर्करोग होतो. त्या हाताला लागत नाहीत, रक्ततपासणीतही दिसत नाहीत. खात्री बायॉप्सीनेच होते. म्हणून सरसकट सगळ्यांनी बायॉप्सी करण्याचे कारण नाही. लहानपणी वृषण खाली न उतरलेले, शुक्राणूंची संख्या फारच कमी असलेले, किंवा एका वृषणाचा कर्करोग होऊन गेलेले पुरुष जास्त जोखमीचे. या शेवटच्या गटात दुसऱ्या वृषणातही या पेशी सुमारे पाच टक्के जणांत सापडतात. वंध्यत्वाच्या उपचारात शुक्राणू शोधण्यासाठी वृषणाचा तुकडा काढला असेल, तर त्याचा पॅथॉलॉजी अहवाल जरूर मागावा.

कमी मात्रेच्या किरणोत्सर्गाने या पेशी नष्ट करता येतात. पण त्यात शुक्राणू बनवणाऱ्या पेशीही जातात. म्हणजे मुलासाठी दवाखान्यात आलेल्याची उरलीसुरली आशाही संपू शकते. त्यामुळे शुक्राणू मिळत असतील तर ते आधी गोठवून ठेवतात, उपचार त्यानंतर.