भाकरीच्या घडीत फलाफल

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके भातशेती आणि गडकोटांसाठी ओळखले जातात. राजगड व तोरण्यावर येणाऱ्या शहरी पर्यटकांची भूक पायथ्याच्या गावांतील पिठले-भाकरी व कांदाभजी भागवतात. या पंगतीत पश्चिम आशियातील फलाफल परके वाटेल. मात्र त्याची कृती मराठी स्वयंपाकघराला अनोळखी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ करताना हरभऱ्याची डाळ भिजवून, न शिजवता, भरड वाटली जाते. फलाफलचे मर्मही तेच आहे.

इजिप्तमध्ये हा वडा बाकल्याच्या दाण्यांचा करतात, तर लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन आणि इस्राईलमध्ये काबुली हरभऱ्याचा. हरभरे रात्रभर भिजवून, पूर्ण निथळून, कांदा, लसूण, कोथिंबीर, धने व जिऱ्यासह रवाळ वाटायचे आणि लिंबाहून लहान गोळे करून तळायचे. हरभरे आधी उकडले, तर ते पाणी शोषून घेतात आणि गोळा तेलात फुटतो. मग बेसन मिसळले जाते आणि फलाफलची जड भजी होते. कच्च्या हरभऱ्यातील पिष्ट तेलातच शिजते व गोळा बांधून ठेवते. गोळा लहान ठेवण्याचे कारण हेच, की तो आतपर्यंत शिजला पाहिजे.

खरी कसोटी वाढण्याची आहे. कढईतून काढलेले फलाफल लगेच खावे. बंद डब्यात वाफ धरून त्याचे कुरकुरीत कवच मऊ पडते; त्यामुळे गडावर नेण्यापेक्षा ते गड उतरल्यावर खाणे उत्तम. सोबत लागते ती ताहिनी, म्हणजे पांढरे तीळ बारीक वाटून लिंबूरस, लसूण व थंड पाण्याने सैल केलेली चटणी. ती आधी ओतू नये, खाताना घालावी. तळणाचा जडपणा तोडण्यासाठी काकडी, टोमॅटो आणि मीठ-लिंबात मुरवलेला मुळा हवा.

पिटा या फुगीर रोटीऐवजी तांदळाची गरम, मऊ भाकरी चालते. तिच्या घडीत आधी कोशिंबीर, मग फलाफल आणि शेवटी चटणी असा क्रम ठेवावा. भातकापणीनंतर खाचरांतील ओलीवर हरभरा, वाल अशी कडधान्ये घेण्याची पद्धत या भागात आहे. गावठी हरभऱ्याचे साल जाड असल्याने त्याची डाळ वापरणे सोयीचे. ती चार-पाच तासांत भिजते, वडा मात्र थोडा खरबरीत होतो.

म्हणजे गडाच्या पायथ्याला घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबाला यासाठी महागडे परदेशी साहित्य आणावे लागत नाही; लागते ती पूर्वतयारी. किती हरभरे भिजवायचे, हे आदल्या संध्याकाळीच ठरवावे लागते. तेव्हा पर्यटकांनी जेवणाची संख्या एक दिवस आधी कळवली, तर भिजवलेले धान्य वाया जात नाही आणि पानात पडणारा वडाही ताजा असतो.