पहिलटकरणीची प्रसूती आणि वेदनाशमन

पहिलटकरणीच्या बाळंतकळा बहुधा दीर्घकाळ चालतात. गर्भाशयाचे मुख १० सेंटिमीटरपर्यंत उघडण्यास पहिल्या खेपेस बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. या कळा मुकाट्याने सोसणे हा स्त्रीचा धर्मच होय, अशी समजूत समाजात अद्यापि आढळते. वैद्यकशास्त्राने मात्र त्या सुसह्य करण्याचे प्रयत्न फार पूर्वीच आरंभिले. १८४७ मध्ये एडिंबरो येथील डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीसमयी ईथर व पुढे क्लोरोफॉर्म वापरले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानेही क्लोरोफॉर्मचा लाभ घेतला. आज या कामी सर्वाधिक परिणामकारक मानली जाणारी पद्धती म्हणजे एपिड्यूरल होय.

एपिड्यूरल म्हणजे काय?

मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरील आवरणापलीकडे एक अरुंद पोकळी असते. भूलतज्ज्ञ कमरेची त्वचा बधिर करून दोन मणक्यांमधून या पोकळीत सुई घालतात, तिच्यातून एक बारीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. नळीवाटे बधिरीकरणाचे सौम्य औषध आवश्यकतेनुसार देत राहता येते. साधारणतः १५ ते २० मिनिटांत कळांची तीव्रता ओसरू लागते. स्त्री पूर्ण शुद्धीवर असते व जोर देण्यात सहभागी होऊ शकते. पुढे शस्त्रक्रियेची गरज भासल्यास बहुधा याच नळीतून अधिक औषध देता येते.

समज आणि वस्तुस्थिती

एपिड्यूरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते किंवा कंबर कायमची दुखू लागते, हे समज अभ्यासांती खरे ठरलेले नाहीत. तथापि ही पद्धती सर्वस्वी निर्धोक आहे असेही नव्हे. रक्तदाब उतरणे, खाज सुटणे, ताप येणे, पाय जड होणे, लघवीस अडथळा होणे असे त्रास संभवतात. जोर देण्याचा काळ काहीसा लांबू शकतो. शंभरात सुमारे एकीस तीव्र डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत. मज्जातंतूंना गंभीर इजा होण्याचे प्रकार अत्यंत विरळ होत. रक्त गोठण्यात दोष असल्यास अथवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास हा उपाय टाळतात.

निर्णय कोणाचा?

सुदृढ गर्भवतीने मागणी केल्यास तिच्या इच्छेनुसार एपिड्यूरल द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली आहे. परंतु त्यासाठी भूलतज्ज्ञ, माता व बालक यांच्यावर सतत देखरेख आणि तातडीच्या उपचारांची सोय अनिवार्य आहे. ही व्यवस्था उपकेंद्रात नसते. म्हणून प्रसूती कोठे करावयाची आणि तेथे भूलतज्ज्ञ कोणत्या वेळी उपलब्ध असतात, याची चौकशी आठव्या-नवव्या महिन्यातच करणे इष्ट. कळा सुरू झाल्यावर धावपळ करून ही सोय उभी राहत नाही.

जेथे ही सोय नाही तेथेही विश्वासातील स्त्रीची सोबत, पाठीस मालीश, गरम शेक, दीर्घ श्वसन व हिंडणे-फिरणे यांनी बराच दिलासा मिळतो.

शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांनी ही माहिती कुटुंबांपर्यंत पोहोचवावी. सासू, पती वा शेजारी यांनी सल्ला अवश्य द्यावा. डॉक्टरांनी गुणदोष समजावून सांगावेत. मात्र वेदना जिला सोसावयाच्या आहेत तिचा होकार वा नकार हाच अखेरचा मानला गेला पाहिजे. एपिड्यूरल मागणारी स्त्री दुबळी नव्हे आणि ते नाकारणारी अडाणी नव्हे, एवढी जाण घरोघरी रुजली तरी पहिलटकरणीचे निम्मे भय दूर होईल.